आईला परत बोलावलं तेव्हा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. दादाला नाही, वहिनीला नाही, आणि आईला तर नाहीच. दुबईतल्या एका प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासते. पाण्यात काय मिसळलं आहे ते शोधणं हे माझं काम. मी आईला फोनवर एक वाक्य म्हटलं होतं. त्यात काय मिसळलं होतं हे शोधावं लागलं नाही — मला ते बोलतानाच ठाऊक होतं.

बाबा गेल्यावर मी आईला इकडे आणलं. आमच्या कंपनीचा नियम सरळ आहे: घरचं माणूस सोबत राहत असेल तर घरभाड्याचा भत्ता मोठा, एकटं राहत असाल तर लहान, आणि घरात काही बदल झाला की एचआरला कळवायचं. इंटरनॅशनल सिटी या वस्तीतल्या आमच्या वन-बेडरूमच्या खिडकीतून पार्किंगखेरीज काही दिसत नसे. मी दिवसभर कामावर. तिला बोलायला कोण? किराणा पोचवणारा माणूस, तोही दारातूनच. शेवटी ती म्हणाली, "मी नाशिकला जाते गं दादाकडे. इथं भिंतींशी किती बोलू?" मी अडवलं नाही. खरं सांगू? मला हायसं वाटलं. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरता येऊ लागली. परदेशात पीएचडी करायची होती. त्यासाठी मी पैसे साठवत होते.

एचआरला कळवलं नाही. विसरले म्हणावं, तर मी काहीच विसरत नाही.

काही महिन्यांनी त्यांच्या ते लक्षात आलं. तुमची आई इथे राहत नाही, तेव्हा जास्तीचा भत्ता पगारातून वळता होईल, असं त्यांनी कळवलं. मी हरकत घेतली. वहिनीचे दिवस भरत आले होते — केवढी सोय! आई सुनेच्या बाळंतपणासाठी तात्पुरती गेली आहे, आमच्या घरात कोणताही बदल झालेला नाही, असं मी मुद्देसूद लिहिलं. प्रयोगशाळेचा अहवाल लिहावा तसं. एचआरमधली शीबा माझ्या वयाची, केरळची. तिने कुरकुर केली नाही. म्हणाली, "आंटी आ जाए तो एक बार ऑफिस ले आना. खलास, मैं केस बंद कर दूँगी."

आता, पुढच्या पगारातून पैसे वळते व्हायच्या आत, आई यायला हवी होती. तोवर वहिनीला मुलगा झाला होता, आणि चार दिवसांवर बारसं होतं.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. रजा मिळत नाही असं मी आधीच सांगून टाकलं होतं. आई पाळणा म्हणणार होती. वहीतला नाही, तिच्या आईकडून ऐकलेला. अशा वेळी मी फोन केला आणि म्हटलं, "आई, मला इथे फार एकटं वाटतं गं. येशील?" भत्त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती म्हणाली, "येते." बारशाचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

विमानतळावर तिच्याजवळची मोठी बॅग पाहिली, तेव्हाही माझ्या ध्यानात आलं नाही. घरी तिने पंचातून देव काढले आणि ओट्याच्या कोपऱ्यात मांडले, तेव्हा कळलं. ती भेटीला आली नव्हती. ती राहायला आली होती.

मी तिला ऑफिसात नेलं. शीबाने विचारलं, "आंटी, आप यहीं रहती हैं ना, बेटी के पास?" आई म्हणाली, "हाँ. अब नहीं जाऊँगी. यह अकेली पड़ जाती है." शीबा माझ्याकडे वळली. "लकी हो तुम, यार." त्या खोलीत खोटं एकच माणूस बोललं होतं, आणि ते त्या वेळी गप्प बसलं होतं.

तिथून आईला मीना बाजारला जायचं होतं, बाळाच्या कुंचीसाठी कापड घ्यायला. "पस्तीस दिरहम! म्हणजे आठशे रुपये झाले की गं," असं म्हणत तिने ते घेतलंच. "कुणी नाशिकला जाणारं भेटलं की पाठवू."

तीन आठवड्यांनी मी तिला सांगितलं की आता मला बरं वाटतंय, वहिनीला तुझी जास्त गरज आहे. ती कणीक मळत होती. "तिकीट काढलंस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने कुंचीचं कापड बॅगेत तळाशी ठेवलं, देव पुन्हा पंचात बांधले. अन्नपूर्णा तेवढी बाहेर राहिली. ती तिला तिच्या आईने लग्नात दिलेली. "ही राहू दे तुझ्यापाशी," ती म्हणाली. "एकटं वाटतं म्हणाली होतीस ना."

आई परत गेल्याचं मी एचआरला त्याच आठवड्यात कळवलं, नियमाप्रमाणे. आधीच्या महिन्यांचे पैसे ठेवून घेतले.

पीएचडीचे अर्ज फेटाळले गेले. पैसे अजून बँकेत आहेत. बाळाच्या कानात नाव शेजारच्या काकूंनी सांगितलं. तो आता चालतो. माझ्या लेकीला माझ्यावाचून करमत नाही, म्हणून बारसं सोडून मला जावं लागलं, असं आई अजून नातेवाइकांना सांगते — कौतुकाने.

आणि गेल्या वर्षापासून मला इथे खरोखरच एकटं वाटतं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून कोणाशीही बोलणं झालेलं नसतं. आईचा फोन आला की माझा आवाज आधी फुटत नाही. "एकटं वाटत नाही ना गं?" ती दर वेळी विचारते. मी सांगते, "नाही. मजेत आहे."

अन्नपूर्णा मायक्रोवेव्हवरच्या फळीवर असते, तांदळाच्या वाटीत. तांदूळ जुने झाले की मी बदलते.