आईने रंगवलेला पट्टा

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी पिशवी उघडली. आदल्या दिवशीपर्यंत तपकिरी असलेला माझा ज्युडोचा पट्टा काळाकुळकुळीत होऊन आत पडला होता, वर इस्त्री फिरवून, नीट घडी घातलेला. काळा पट्टा मिळावा म्हणूनच तर मी परीक्षेला बसणार होते. आणि तो परीक्षेआधीच घरपोच आला होता.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघितलास? छान बसलाय ना रंग?" तिच्या आवाजात नुसता आनंद होता. मी मात्र अशी ओरडले की शेजारच्या क्वार्टरमधल्या बंगाली काकू बाल्कनीत आल्या.

हे कसं झालं ते कळायला आमच्या सरांचा नियम सांगायला हवा. आम्ही दिल्लीच्या दक्षिणेकडच्या एका सरकारी कॉलनीत राहायचो. कॉलनीच्या कम्युनिटी हॉलमध्ये फौजेतून निवृत्त झालेले एक हरियाणवी गृहस्थ संध्याकाळी ज्युडो शिकवायचे. ज्युडोत पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात होते. मग पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि सगळ्यात शेवटी काळा. बाकी ठिकाणी दर परीक्षेनंतर नवा पट्टा घेतात. सरांना ते मान्य नव्हतं. माणूस तोच राहतो तर पट्टाही तोच राहू दे, रंग तेवढा बदला, असं त्यांचं म्हणणं. परीक्षा पार पडली की सर दोनच शब्द बोलायचे, "रंगवा लो." मग आई पट्टा घेऊन मार्केटातल्या ओढण्या रंगवणाऱ्याकडे जायची. तो जुना रंग उतरवून नवा चढवायचा. माझा हिरवा शिजवलेल्या मेथीसारखा निघाला होता, तरी मी तो कॉलनीभर मिरवला. पण सरांच्या तोंडून ते दोन शब्द आल्याशिवाय पट्ट्याला रंग लागायचा नाही, हे आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरालाही ठाऊक होतं.

आईलाही ठाऊक होतं. पण आमच्या घरावर बाबांच्या ऑफिसची छाया होती. बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. मला हॉलवर घातलं त्याच दिवशी त्यांनी सरांना विचारलं होतं, काळ्या पट्ट्याला किती वर्षं लागतात. सर म्हणाले, कुणाला पाच, कुणाला दहा, कुणाला कधीच नाही. हे उत्तर बाबांच्या पचनी पडलंच नाही. त्यांच्या जगात एका पदावर ठराविक वर्षं काढली की वरचं पद मिळायचं, आणि सीनियॉरिटीने येणारी बढती कुणाच्या बापाला अडवता येत नाही यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. रोज जेवताना ते माझ्या तपकिरी पट्ट्याची वर्षं मोजायचे आणि म्हणायचे, "हिचं आता बिल्कुल ड्यू आहे." आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. ऐकून ऐकून तिच्या लेखी माझी परीक्षा म्हणजे फक्त ऑर्डर हातात पडायची बाकी, अशी झाली होती. त्यातच रंगारी आपल्या मुलीच्या लग्नाला गावी निघाला, आता महिनाभर दुकान बंद. आईने विचार केला, काम उरकून घेतलेलं बरं.

मी विचारलं, हा रंग परत उतरतो का. नाही, आई म्हणाली, बाकीचे सगळे रंग कटतात पण काळा कटत नाही असं त्याने सांगितलंय, एकदम पक्का आहे. हे ती मला दिलासा म्हणून सांगत होती.

हॉलवर आम्ही दोघी गेलो. आईच्या हातात वाटायला बेसनाच्या लाडवांचा डबा होता. मी सरांना बाजूला घेऊन पट्टा दाखवला, आणि पांढरा बांधून परीक्षा देऊ का म्हणून विचारलं. सरांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"किसने कहा था रंगवाने को?"

आई चार हातांवर उभी होती. मी तिचं नाव घेतलं नाही. सर रागावतील, परीक्षेला बसू देणार नाहीत, असं सगळं मी वाटेत मनात घोळवून आले होते. सरांनी पट्टा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "बाँध लो."

माझ्या परीक्षेसाठी पानिपतहून आणि रोहतकहून काळ्या पट्ट्याच्या मुली बोलावल्या होत्या. सरांनी त्यांना सांगितलं, हिच्या कमरेला काय आहे ते बघा आणि तसंच लढा. उमेदवार म्हणून माझी जी काही गय व्हायची होती, ती तिथेच संपली. मराठी माणसाने पानिपतहून येणाऱ्यांपासून जपून राहावं, हे खरं तर मला शाळेतच शिकवलं होतं. पहिल्या पकडीतच छत दिसलं. उठले, पुन्हा छत दिसलं. आमची जाडजूड जॅकेटं पानिपतच्याच खेसाची, म्हणजे जाड सुती चादरीच्या कापडाची, शिवलेली होती, ती खांद्यावर फाटत आली. अंगाला लागत होतं त्याचं काही नव्हतं. पण ज्या माणसाने मला कसं पडायचं ते हाताला धरून शिकवलं, तो भिंतीला टेकून हे बघत होता आणि थांबा म्हणत नव्हता, याने मी सुन्न झाले होते. मला त्यांचा मनापासून तिटकारा आला.

मग मला वाटलं मॅटवर कुणीतरी चालतंय. आई होती. कडेला चपला काढून, देवळात शिरताना करतात तसा नमस्कार करून ती सरळ मधोमध आली होती, पदर खोचून. समोरच्या मुलीने माझी कॉलर सोडली. आईने खाली बसून माझ्या कमरेची गाठ सोडवायला घेतली. ती काही केल्या सुटेना, तेव्हा दातांनी ओढून सोडवली. पट्टा हातात घेऊन ती सरांपुढे उभी राहिली.

"रंग मैंने लगवाया है. उसको क्यों पटकते हो, मेरे को पटको."

कुणीतरी हसलं. माझी आई बसच्या कंडक्टरशीही मान वर करून बोलत नसे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच वेळी तिच्या कमरेला मिठी मारावीशी वाटत होती. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "अगले साल." लाडवांचा डबा भरलेलाच घरी आला.

वर्षभर मी उसना पांढरा पट्टा बांधून पोरासोरांच्या रांगेत उभी राहिले. बाबांनी दोन दिवस अन्याय, अपील वगैरे शब्द वापरले आणि मग ते गप्प झाले. आईने मात्र भलतंच सुरू केलं. दर रविवारी कपडे झाले की ती एका पातेल्यात धुण्याचा सोडा घालून तो काळा पट्टा उकळायला ठेवायची. मग न्हाणीघराच्या फरशीवर घालून ब्रशने घासायची. पाणी शाईसारखं व्हायचं आणि पट्टा होता तसाच. तिच्या बोटांची सालं निघाली. मी चिडून म्हणायचे, सोड ना आता, काळा कटत नाही, तूच सांगितलंस. ती म्हणायची, निघेल. पुढे पुढे मी त्या पातेल्याकडे बघायचंच सोडलं.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी तिने तो मला दिला. तो काळा नव्हता, तपकिरीही नव्हता. राखेत माती मिसळावी तसला काहीतरी रंग होता. कडा पार उसवल्या होत्या आणि आतले पांढरे दोरे बाहेर डोकावत होते.

"तपकिरी म्हणता येईल ना ग?" तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि तोच घेऊन गेले.

हॉलमध्ये परीक्षक म्हणून आलेले रोहतकचे एक वयस्कर गृहस्थ खुर्चीत बसले होते. मी पट्टा बांधून पुढे गेले, तर ते खुर्चीतून उठले आणि मला कमरेत वाकून नमस्कार करू लागले. मला काही सुधरेना. काळा पट्टा वर्षानुवर्षं वापरला की त्याचा रंग उडतो, कडा झिजतात, आतला पांढरा कापूस दिसायला लागतो. तसला पट्टा एखाद्या जुन्या गुरूच्याच कमरेला असतो. आमच्या सरांच्या कमरेला होता.

सर झपाझप आले. त्यांनी माझ्या पट्ट्याचं टोक हातात घेतलं आणि स्वतःच्या पट्ट्याच्या टोकाशेजारी धरलं. दोन्हींत काही फरक नव्हता. त्यांनी आईला हाक मारली. ती या वेळी दाराबाहेरच उभी होती, आत यायला तयार नव्हती. मग सरच दारापर्यंत गेले, तिच्या हातांकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच खिळली.

"बहनजी," ते म्हणाले, "इतना घिसने में मुझे बीस साल लगे हैं."

आईला वाटलं, ते रीत विचारतायत. ती म्हणाली, "सोडे में उबालो, जल्दी निकलता है."

सर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि मॅटवर आपल्यापेक्षा वरच्या माणसापुढे वाकतात तसे ते आईपुढे वाकले. आई गोंधळून गेली आणि तिने यंदाही आणलेला लाडवांचा डबा पुढे केला.

त्या दिवशीही मी पडले, पण या खेपेला समोरच्यांनाही पाडलं. संध्याकाळी सरांनी ते दोन शब्द उच्चारले, "रंगवा लो." मी आईकडे पाहिलं. "आता मी हात लावणार नाही हं," ती म्हणाली, "तुझं तू बघ."

मी तो पुन्हा रंगवला नाही.