कालची पुरणपोळी

लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या, तेव्हाची गोष्ट. रेणापूरजवळच्या एका गावात, भूकंपानंतर बांधलेल्या दोन खोल्यांत ती म्हातारी राहायची. कोण काय खातं आणि पुढं कुणाला मधुमेह, बीपी होतो, याच्या पाहणीसाठी मी दर वर्षी जायचो. आमच्या वहीत ती नुसता एक नंबर होती.

"मावशी, काल काय खाल्लं?"

फोटोला बसल्यासारखी ती ताठ व्हायची. "पुरणाची पोळी. वर तूप."

दर वर्षी हेच, आणि रक्तातली साखर दर वर्षी अगदी बरोबर! आमचे डॉक्टर चक्रावले. "या बाईचा वेगळा अभ्यास करू," म्हणाले.

एका वर्षी, उद्या येतोय हा आमचा नेहमीचा निरोप पोचलाच नाही. मी दारात गेलो, तर ती ठेच्याशी ज्वारीची भाकर खात होती. मला पाहताच तिनं ताटली पदराआड केली.

"काल काय खाल्लं, मावशी?"

"काल बी हेच. रोज हेच. पर लिहू नको, लेकरा. गावाची इज्जत हाय. उद्या ये. आज पोळी करून खाते, मग इचार."

दुसऱ्या दिवशी गेलो. तूप लावून दोन पोळ्या मीच खाल्ल्या, आणि वहीत तिची भाकर लिहिली.