गाडी नसलेल्या गावचा ड्रायव्हर

बॉनेटचाचा शिवी दिल्याशिवाय गाडीवर घाव घालत नसे. बाबा एकदा आमच्या जुन्या गाडीचा आरसा शोधायला अम्गऱ्याच्या भंगारवाड्यात गेले होते, तेव्हा मी त्याला कामावर पाहिलं. समोर ठोकर खाल्लेली पांढरी मोटार. चाचानं तिच्याभोवती एक फेरी मारली, तिच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मग हातोडा. आधी काच, मग दिवे, मग दरवाजे. काचेचा चुरा दाढीत उडाला, गालावर रक्ताचे बारीक ठिपके आले. त्यानं ते पुसलेही नाहीत. मला बघून म्हणाला, "काय गो पोरी, भ्यालंस? गाडीला जीव नसतो. जीव ड्रायव्हरला असतो. त्याला मारलं तर पोलीस येत नाय, गाडीला मारलं तर येतात."

हे तो कुणाला ऐकवायचा? अकरा वर्षांच्या मुलीला. मोठी माणसं ऐकत नव्हती म्हणून.

चाचा रत्नागिरीकडचा. कुवेतमध्ये एका घरी तो ड्रायव्हर होता. तिथला मालक त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या सहीवर माणूस या देशात राहतो तो. पासपोर्ट कफिलाच्या कपाटात. चाचा ते घर सोडून निघाला तेव्हा कफिलानं तो पळून गेल्याची तक्रार केली. त्या दिवसापासून चाचा गुन्हेगार. महबूल्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली हारिसच्या, म्हणजे रखवालदाराच्या, खोलीत तो लपून राहायचा, पहाटे कुणाच्या तरी पिकअपमध्ये मागे आडवा पडून अम्गऱ्याला जायचा. पोलिसाच्या नजरेला पडायचं नाही, एवढा एकच नियम. पडला की तुरुंग, तुरुंगातून विमान, आणि पुन्हा कधी इथे पाय नाही. रत्नागिरीला त्याची मुलगी दाईचं शिकत होती. तिचं शेवटचं वर्ष होईपर्यंत त्याला तग धरायचा होता.

आणि हात? उजव्या हातावर अंगठा आणि करंगळी. डाव्यावर तीन बोटं. अशा हातात हातोडा टिकत नाही. म्हणून तो ट्यूबच्या रबराची पट्टी तळहाताभोवती गुंडाळून हातोडा बांधून घ्यायचा. स्वतःची गाठ स्वतःला मारता येत नाही. रोज हारिस मारायचा, शुक्रवारी मी. गाठ त्यानंच शिकवली होती, त्याच्या वडलांची, होडीवरची. "ताण पडला का आवळते, सुटत नाय. होडी जाईल पण गाठ नाय जायची." मला त्या गाठीचा फार गर्व होता.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आमच्या इमारतीमागे बर्फ पडायचा. म्हणजे वाळू. तिथे नवी इमारत व्हायची होती, त्यासाठी ओतलेला वाळूचा ढीग दोन मजले उंच होता. डिसेंबर-जानेवारीत समुद्रावरून असा वारा यायचा की कान दुखायचे. चाचा भंगारातून गाड्यांची बॉनेटं आणायचा, हातोड्यानं त्यांची पुढची कड वर वळवायचा, पोटाला मेणबत्ती घासायचा आणि आम्हा पोरांना त्यावर बसवून ढिगावरून ढकलून द्यायचा. ढकलणं म्हणजे लाथ. "वाकडं बसलंस तर दात पडतील! धर! रडलीस तर परत वर नेणार नाय!" माझा एक दात खरंच पडला. आईनं विचारलं तेव्हा मी दोष शाळेच्या पायऱ्यांवर ढकलला. चाचाचं नाव कोण देणार?

हे सगळं तो एका गावाहून शिकून आला होता. युरोपातल्या डोंगरात, वर, जिथे एकही गाडी नाही. कफिलाचं कुटुंब दर हिवाळ्यात सुट्टीला जायचं, एका वर्षी चाचालाही नेलं.

"पण गाडीच नव्हती तर तुला कशाला नेलं?" माझी धाकटी बहीण चिनू दर शुक्रवारी हेच विचारायची.

"मी पण तेच विचारलं. मॅडम बोलली, बॅगा कोण ओढणार, तुझा बाप? ड्रायव्हर म्हणून गेलो न् घोडा होऊन आलो. घोड्याला पण तिथे अंगावर घोंगडी टाकतात हां."

चाचा सांगायचा, दातेरी चाकांची आगगाडी वर सोडते, पुढे सगळं बर्फावरून, बिनचाकी घसरगाडीवर. दूध घसरगाडीवर, बॅगा घसरगाडीवर, म्हातारी बाई बाजाराला निघाली तर तीही घसरगाडीवर. पोरं लाकडी घसरगाडी दोन तास ओढत वर नेतात आणि दहा मिनिटांत खाली येतात. शेतात पाणी सोडून रात्रीत गोठवतात आणि सकाळी त्यावर धारदार बूट घालून नाचतात. लाकडी पट्ट्या पायाला बांधून कड्यावरून उड्या मारतात आणि त्या पट्ट्यांना मेण लावतात. बॉनेटच्या पोटाची मेणबत्ती तिथून आली. हे सांगताना हातोडा थांबायचा. शिव्याही.

हातांचं त्यानं एकदाच सांगितलं, तेही मी खनपटीला बसले म्हणून. कफिलाच्या मुलाचे हातमोजे हरवले. मॅडमनं चाचाचे काढून त्याला घातले. मोठे होत होते, तरी घातले. मग चाचा मालकाच्या दोन पोरांची घसरगाडी उघड्या हातांनी दोन तास वर ओढत राहिला, दोन वेळा. हॉटेलात परतला तेव्हा बोटं पांढरीफटक, चिमटा काढला तरी समजेना. आणि मग त्यानं ते केलं जे कोकणातला माणूसच करील. थंड झालंय ना, मग ऊब द्या. त्यानं दोन्ही हात तापलेल्या शेगडीवर ठेवले. जळाल्याचं कळलं ते वासानं. ओरडला. लोक जमले. चारचौघांत लाज आणली म्हणून कफिलानं त्याला तिथेच थोबाडीत मारली, दोनदा. गावच्या डॉक्टरनं सांगितलं, याला इस्पितळात ठेवा. ठेवलं नाही, सुट्टी संपली होती. कुवेतला आल्यावर बोटं कापली आणि कागदावर लिहिलं गेलं: स्वयंपाकघरात, स्वतःच्या निष्काळजीपणानं, भाजून.

निष्काळजीपणा! हा शब्द मी नंतर शेकडो कागदांवर वाचला. माणूस परांचीवरून पडतो, निष्काळजीपणा. वफ्र्याच्या शेतात उन्हानं मरतो, निष्काळजीपणा. पहिल्यांदा तो मी चाचाच्या हातावर वाचला.

त्या शुक्रवारी चाचा येत नव्हता. महबूल्यात कागद तपासायला पोलीस फिरतायत, असं हारिस सांगत होता. जिन्याखाली चाचा पाठ करून बसला होता. "आज नाय. आज आपल्या बर्फाच्या गावात पोलिसांच्या गाड्या हायत."

मी म्हटलं, "चाचा, भ्यालास?"

तो वळला. हसला आणि हात पुढे केला. "बांध."

मी पट्टीनं हातोडा बांधला. घट्ट.

चिनू बॉनेटवर बसून अर्ध्या उतारावर होती तेव्हा ढिगाच्या पलीकडून जीप चढली. हिवाळा आला की वाळूवर गाड्या उडवायच्या, हा तिथल्या तरण्या पोरांचा खेळ. आत तिघं होते. जीप माथ्यावर आली, हवेत उचलली गेली आणि खाली येताना बॉनेटच्या कडेला घासून गेली. चिनू उडून वाळूत पालथी पडली. जीप पुन्हा मागे वळू लागली. त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं, की पाहिलं होतं? मला आजही ठाऊक नाही.

चाचाला लपायला हारिसची खोली वीस पावलांवर होती. तो उलट धावला. जीपच्या समोर उभा राहिला आणि हातोडा घातला. पुढची काच फुटली, दिवा फुटला, आरसा गेला. या वेळी त्यानं शिवी दिली नाही. फक्त ओरडत होता, "गाडी नाय! इथे गाडी नाय!"

तिघं उतरले. एकाच्या कपाळातून रक्त येत होतं. हातोडा टाक, असं ते अरबीत ओरडत होते, तेवढं अरबी आम्हा पोरांनाही यायचं. चाचा टाकू शकत नव्हता. तो हात झटकत होता आणि प्रत्येक झटक्यानं गाठ आवळत होती. त्यांना वाटलं, हा पुन्हा मारतोय. त्यांनी लाथा घातल्या, जीपमधल्या लोखंडी पान्यानं मारलं. चाचा वाळूत पडला आणि दातांनी गाठ सोडायला लागला. दातांत रबर, ओठातून रक्त. मी धावले. आरडाओरडा ऐकून खाली आलेल्या बाबांनी मला मागून कोपराला धरलं, चिनूला काखेत घेतलं आणि दोघींना जिन्यातून वर ओढलं. "तू मध्ये पडायचं नाही. आपण इथे पाहुणे आहोत."

चिनूचा हात मोडला होता. ती जिवंत होती. बाबांनी पोलिसांकडे जाऊन एवढं एक वाक्य सांगायचं होतं: याच्यामुळे माझी मुलगी वाचली. ते गेले नाहीत. रिफायनरीतली नोकरी, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आमची शाळा. मी सगळी कारणं ऐकली आहेत. खरी आहेत. मी त्यांना माफ केलेलं नाही.

खिडकीतून पाहिलं ते एवढंच. पोलिसांनी ओळखपत्र मागितलं, चाचानं नाही म्हणून मान हलवली. गाठ कुणालाच सुटेना तेव्हा एका पोलिसानं चाकूनं रबर कापलं. हातोडा वाळूत पडला. महिन्याभरानं चाचाला विमानात बसवलं.

आता मी पत्रकं लिहिते, घरकामगारांवर, ड्रायव्हरांवर. पहिलं पत्रक लिहायचं होतं तेव्हा त्याचा फोन नंबर शोधून काढला. मुलगी दाई झाली होती. शेवटचं वर्ष तिनं गावातल्या लोकांकडून उसने पैसे घेऊन पुरं केलं. मी सगळं विचारलं: हातमोजे, शेगडी, थोबाडीत, कागद. त्यानं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "चाचा, ती गाठ..."

"गाठ बरी मारलीस गो. तिला नावं ठेवू नको." मग म्हणाला, "हे समदं लिही. पण हे पण लिही का सकाळी दार उघडलं तर एक आवाज नव्हता. हॉर्न नाय, इंजिन नाय. बर्फावर पोरं हसत होती, तेवढाच. लय चांगलं गाव होतं."

पत्रक एका पानाचं होतं. ते वाक्य मी कापलं.