रुखवतातला पाट

चिपळूणच्या एसटी स्टँडवर आईने रुखवतातला फणसाचा पाट सुतळीने माझ्या ट्रंकेला बांधला. कंडक्टर कुरकुरला, तरी तिने तो टपावर चढवलाच. "जावईबापूंना बसायला होईल," म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन, "सगळ्यांचं झाल्यावर जेव. आणि बसून राहू नकोस गं, लोक नावं ठेवतात." ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. लग्न होऊन मी डोंबिवलीजवळ कोपरला निघाले होते.

गावात राहिलेल्या बहिणींनो, आणि माझ्यासारख्याच ट्रंका घेऊन इकडे आलेल्या बायांनो, आठ वर्षं मी आईचं ऐकलं. पहाटे पाचला नळाला पाणी यायचं, त्याच्या आधी मी उठलेली. डबे, मुलीच्या वेण्या, मग ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर टायपिंग, वर ओव्हरटाइम, येताना भाजी, पुन्हा स्वयंपाक. पाटावर नवरा बसे, पाहुणे बसत. मी शेवटी ओट्याशी उभ्याने गार पोळी खायचे. "किती करते हो तुमची सून!" असं बिल्डिंगमध्ये कुणी म्हटलं की सासूबाईंची मान ताठ व्हायची आणि माझीही. मूर्ख होते मी.

मग एके दिवशी नवऱ्याच्या, दिलीपच्या डब्यात पोळ्यांऐवजी कणकेचा गोळा गेला. कच्चा, फडक्यात नीट गुंडाळलेला. संध्याकाळी त्याने तो दाखवला तेव्हा घरात हशा पिकला. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले ते थांबेचना. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं.

आमच्या जिन्याशी खाडीकाठच्या हिराबाई मासळी विकायच्या. टोपली सरली की पायरीवर पान लावत बसायच्या, कुणी हाक मारली तरी उठायच्या नाहीत. माझ्या हातातली टॉनिकची बाटली बघून म्हणाल्या, "गो बाय, तू बसतेस कवा?"

"ऑफिसात बसते की."

"त्ये सायबासाठी. तुझ्यासाठी कवा?"

मी वर जाऊन कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, हातपाय धुतले, पाट गॅलरीत टाकला आणि बसले. अर्धा तास. "बरं नाही का?" सासूबाईंनी विचारलं. "बरी आहे. बसलेय." रोज बसायला लागले. चौथ्या दिवशी दिलीपने कुकर लावला. भात कच्चा राहिला, तसाच खाल्ला, कुणी मेलं नाही. पुढे ओव्हरटाइम सोडला. जेवायला सगळे एकदम बसू लागलो. रोजच्या त्या अर्ध्या तासात अर्धवट सुटलेली बी.ए. पुरी झाली, आणि मग हिराबाई आणि त्यांच्या वस्तीतल्या चार बायका अक्षरं गिरवायला त्याच गॅलरीत येऊ लागल्या. लोकांनी नावं ठेवली. खुशाल ठेवोत, त्यांनाही ती बसूनच ठेवावी लागली असणार.

काही वर्षांनी आई पहिल्यांदाच राहायला आली. आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघरात! मी तिला दंडाला धरून पाटावर बसवलं.

"अगं, जावयाचा पाट हा!"

"जावई घावनं घालतायत."

दिलीपने तव्यावरचं घावन थेट तिच्या ताटात टाकलं. ती वाढायला दोनदा उठली, दोनदा मी बसवलं. तिसऱ्यांदा ओरडलेच, "आई, बस म्हणते ना!" तिने चटके सोसत घास मोडला, थोडा वेळ चावत राहिली.

"गरम असताना असं लागतं होय गं हे?"

जन्मभर घावनं घातलेल्या बाईने मला हे विचारलं. मी ज्या नियमांनी मोडले, त्यांनी तिला आधीच मोडलं होतं, आणि तेच तिने माया म्हणून माझ्या कानात घातले होते. मला भयंकर राग आला. तिचा नाही. मी तिच्या ताटात दुसरं घावन वाढलं.

गावाची आठवण येते, नाही कशाला म्हणू? पण घर कुठलं असं विचाराल तर कोपरची ही गॅलरी सांगेन. पाट अजून इथेच आहे. या सगळ्या. फक्त पदर खोचून येऊ नका.