अंजना सिस्टरचे बारा तास

आमच्या गावातलं दहा वर्षांखालचं कुठलंही पोर रस्त्यावरून धरून आणा, ते बहुतेक अंजना सिस्टरच्या हातून जगात आलेलं निघेल. बहुतेक म्हणतो, कारण दोन-चार जण वाशिमला झाले आणि एक तर एसटीत झालं. बाकी सगळी तिच्या हातची. गाव मेडशीच्या पुढं, फाट्यावरून सहा किलोमीटर आत. आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि व्हरांड्यात सिमेंटचा एक बाक. आत बायका कळा सोसतात आणि बाहेर नवरे त्या बाकावर बसून तंबाखू मळतात. मीही बसलोय तिथं, म्हणून सांगतो.

माझं नाव प्रसेनजित. ग्रामपंचायतीसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, आधारकार्डातला पत्ता. गावाला वाटतं मी सरकारच्या आतला माणूस. मी फक्त कीबोर्ड बडवतो. साइट बंद पडली की शिव्या मात्र मला पडतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सिस्टर दुकानात आली. सिस्टर म्हणजे काही पोरगी नव्हे, पन्नाशीला टेकलेली बाई, आमच्याच बौद्धवाड्यातली, माझ्या घरापासून तिसरं घर. हातात सेकंदकाटा असलेलं स्टीलचं घड्याळ, ते ती आंघोळीलाही काढत नसावी. सतरा वर्षं कंत्राटावर काढली तिनं. दरवर्षी मार्चमध्ये कागद द्यायचे, एप्रिलमध्ये नवी ऑर्डर घ्यायची. आम्हाला ती कंत्राटी आहे हे आठवायचंही नाही. आपल्या घरातलं माणूस कायम आहे की कंत्राटी, असं कोण विचारतं?

"माह्या नोंदणीचं पाय बरं, बापा," ती म्हणाली आणि तिनं टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली. "एकतीस तारखेच्या आत रिन्यू करून दे म्हणते ऑफिसवाले. नाही तर नवी ऑर्डर भेटत नाही."

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. नर्सचं नाव कौन्सिलच्या यादीत असतं आणि ते दर पाच वर्षांनी नव्यानं नोंदवावं लागतं, एवढं मला ठाऊक होतं. फोटो, सही, जुनं सर्टिफिकेट, सगळं चढवलं. मग पुढचं पान उघडलं. गेल्या पाच वर्षांत घेतलेल्या प्रशिक्षणाचे तास भरा आणि प्रत्येकाचं प्रमाणपत्र जोडा. लागणारे तास, दीडशे.

"हाय ना," सिस्टर म्हणाली. "समदे जपून ठेवेल हायेत."

तिनं पिशवीतून कागद काढले. अकरा लेटरं होती. प्रत्येकावर तिचं नाव, ट्रेनिंगचा विषय, वाशिममधलं ठिकाण, तारखा. मी एक वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. हे बोलावण्याचे कागद होते. हजर राहिल्याचा कागद त्यात एकही नव्हता.

"सिस्टर, हे तर या म्हणून सांगतलेलं लेटर हाय. गेल्याचं सर्टिफिकेट कुठं हाय?"

"जायाचं कसं?" ती म्हणाली. "नाव तर माहं होतं ना त्याच्यात."

खरं सांगायचं तर तिला राग यायला हवा होता आणि आला मला. सतरा वर्षं सुईचा नेम न चुकलेली बाई, आणि तिला वाटत होतं की लेटरात नाव आलं म्हणजे तास आपल्या नावावर पडले. पण तिचं तरी काय चुकलं? उपकेंद्रात नर्सा दोन, ती आणि तिच्या हाताखालची ज्योत्स्ना. दोघींनी एकदम जायचं तर केंद्राला कुलूप. म्हणून एकीनं जायचं आणि एकीनं राहायचं, असा त्यांचा रिवाज. लेटर आलं की सिस्टर म्हणायची, "तू जाय, मी थांबते." ज्योत्स्ना तरणी, नवी, तिनं शिकावं असं सिस्टरला वाटायचं. आणि गावातल्या बायकांना राहायला सिस्टरच हवी असायची. ज्योत्स्नाकडं आज प्रमाणपत्रांची फाइल आहे आणि सिस्टरकडं पिशवी.

त्या पिशवीत दोन प्रमाणपत्रं निघाली. दोन्ही जवळच्याच ट्रेनिंगची, सकाळी जाऊन दुपारी परत आल्याची. सहा आणि सहा, बारा तास झाले. मी बारा भरले. पान पुढं सरकेना.

मी एक लेटर सहज उलटं केलं. मागं निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'ज्यो. गेली. तुळसाबाईची सून, मुलगा, २ किलो ६००.' दुसरं उलटं केलं. 'ज्यो. गेली. तांड्यावरची बाई, मुलगी, २ किलो ३००, उशिरा रडली.' अकराही लेटरांच्या मागं असंच लिहिलेलं. आपण का गेलो नाही, ते तिनं त्याच कागदावर टिपून ठेवलं होतं. कोणी विचारलं तर दाखवायला असावं म्हणून. पाच वर्षांत कोणी विचारलं नाही.

सातवं लेटर उलटं केलं आणि माझा हात थांबला. 'ज्यो. लाही जमलं नाही. रेणू प्रसेनजित, मुलगी, २ किलो ९००.'

रेणू माझी बायको. ती मुलगी म्हणजे आमची पिंकी, आता चार वर्षांची. तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी माझ्याइतका आडमुठा माणूस पंचक्रोशीत नव्हता. ज्योत्स्ना रजेवर होती, म्हणून त्या खेपेला सिस्टर स्वतःच केंद्राला कुलूप लावून निघाली होती. खांद्याला बॅग लावून, तीन दिवसांच्या ट्रेनिंगसाठी ती एसटीत चढलेली होती. रेणूला तेव्हाच कळा सुरू झालेल्या. मी आणि माझी माय धावत स्टँडवर गेलो. कंडक्टरनं घंटी वाजवली होती. मी गाडीपुढं उभा राहिलो.

"सिस्टर, तुमी नका जाऊ," मी म्हटलं होतं. "ट्रेनिंग काय, कवाही होते."

ती पायरीवरून खाली उतरली आणि बॅग माझ्या हातात दिली. ते तीन दिवस मी खाल्ले. अठरा तास. माझ्यासारखे आणखी दहा जण त्या लेटरांच्या मागं होते, पण दुसऱ्यांकडं बोट दाखवून माझं ओझं हलकं होत नव्हतं.

मग मी ते बोललो, जे बोलायला नको होतं. "मी बनवून देतो. ज्योत्स्नाचं सर्टिफिकेट स्कॅन करतो, नाव बदलतो. दहा मिनिटांचं काम हाय. कोणाले कळत नाही."

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं. पोरानं लस टोचताना हात झिडकारला की पाहते तसं.

"खोट्या कागदावर मी कोणाच्या पोटाले हात लावू काय?" ती म्हणाली. "उद्या काही झालं तं मले मालूम राहीन ना. दे इकडं ते लेटरं."

त्यानंतरचे तीन आठवडे मी जे करता येईल ते केलं. हेल्पलाइनला फोन लावला, गाणं ऐकलं, फोन कटला. तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांकडं तिच्यासोबत गेलो. साहेब भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, तुमच्याइतकी कामाची नर्स माझ्याकडे दुसरी नाही, हे मी लिहून देतो. पण ते लिहिलेलं कुठे चालेल, ते मला माहीत नाही." प्रसूतींचे तास धरत नाहीत का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, ते काम झालं, प्रशिक्षण नाही. ज्यांचे तास धरले जातात असे वर्ग मी शोधून काढले. सगळ्यात लवकरचा जूनमध्ये होता. उशिरानं का होईना, नोंदणी पुन्हा होते, पण कंत्राटाची जागा तोवर थांबत नाही. आणि एकदा जागा गेली की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, तिथं वयाची अट. कुठूनही सुरुवात केली तरी आम्ही फिरून त्याच पानावर येत होतो.

ज्योत्स्ना एक दिवस दुकानात येऊन रडली. "ताईनंच पाठवलं मले दरवेळी. माहे तास त्यायले देता येत नाही काय?" फॉर्ममध्ये तशी जागा नव्हती. असती तर मी माझं उरलेलं आयुष्य भरून दिलं असतं.

एकतीस मार्च आला आणि गेला. एक एप्रिलला सिस्टर सवयीनं साडेआठला उपकेंद्रात गेली, चाव्या ज्योत्स्नाच्या हातात दिल्या आणि घरी आली. गावानं निषेध वगैरे काही केला नाही. दोघं-तिघं म्हणाले, वाईट झालं. मग सोयाबीनच्या भावाचा विषय निघाला.

भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, रेणूला कळा सुरू झाल्या. हे आमचं दुसरं. वाड्यात निळ्या पताका बांधणं चाललं होतं, लाउडस्पीकरवाला वायर तपासत होता. मी आधी उपकेंद्रात जायचं सोडून सिस्टरच्या दारात गेलो. पायच तिकडं वळले.

"मले हात लावता येत नाही, प्रसेनजित," ती दारातूनच म्हणाली. पण चपला घालून आली.

ज्योत्स्नानं रेणूला आत घेतलं. सिस्टर बाहेर बाकावर बसली, माझ्याशेजारी. सतरा वर्षांत तिला त्या बाकावर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पिंकी तिच्या मांडीला टेकून उभी. आतून रेणूचा आवाज आला, "सिस्टर, कुठं हाय तुमी? या ना." सिस्टरनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. तिची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती. आवाजावरून ती कळा मोजत होती, हे मला कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही कळत होतं.

तासाभरानं ज्योत्स्ना बाहेर आली, घाबरलेली. "ताई, पाणी हिरवं येऊन राह्यलं. लेकराले आत तरास होऊन राह्यला."

"वाशिमले पाठव," सिस्टर लगेच म्हणाली. "मीही पाठवलंच असतं. एकशे आठले फोन लाव. डाव्या कुशीवर झोपव तिले."

गाडी आली. रेणूला स्ट्रेचरवर चढवलं. तिनं हात बाहेर काढून सिस्टरचं मनगट पकडलं, घड्याळासकट. आत आणखी एक बाई कळा सोसत होती, म्हणून ज्योत्स्नाला केंद्र सोडता येत नव्हतं. थांबायला आता दुसरी कोणी नव्हती. सिस्टरनं गाडीच्या पायरीवर पाय ठेवला.

"बाई, तुम्ही कोण?" गाडीतल्या माणसानं विचारलं. त्याच्या बोलण्यात तुच्छता अजिबात नव्हती, त्याला लिहून घ्यायचं होतं. "स्टाफ आहात का? नातेवाईक एकच बसेल."

"नाही," ती म्हणाली. "शेजारीण हाय मी." आणि रेणूची बोटं एकेक करून सोडवत ती खाली उतरली. या वेळी तिला उतरवायला मी गाडीपुढं उभा नव्हतो, तरी माझी मान वर होईना.

"जाय तू," ती मला म्हणाली. "पिंकीले मी पाहते."

संध्याकाळी वाशिमला ऑपरेशन झालं. मुलगा झाला. बाळ थोडं दमलेलं, काचेच्या पेटीत ठेवलं, पण डॉक्टर म्हणाले, निघेल. रेणू गुंगीतून बाहेर येताना दोनदा म्हणाली, सिस्टर काहून आल्या नाहीत? मी आधी घरी फोन करायचा सोडून सिस्टरला लावला.

"रडलं काय लगेच?" तिनं विचारलं.

"जरा उशिरानं रडलं."

"रेणू?"

"बरी हाय."

"वजन किती?"

"दोन किलो सातशे."

पलीकडं ती काहीतरी शोधत असावी. कागदांचा आवाज आला, मग डबा उघडल्याचा. लाउडस्पीकर सुरू झाला होता आणि पिंकी काहीतरी सांगत होती.

"थांब, लिहून घेते," सिस्टर म्हणाली. मग डबा बंद झाल्याचा आवाज आला.

"आता लेटर येत नाही ना मले," ती म्हणाली. "तूच ध्यानात ठेव."