गुळाच्या काहिलीला शीड

तमाम इंदापूर तालुक्याला अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की नीरा नदीत शिडाची नौका सर्वप्रथम आमच्या शेजारच्या तात्यांनी घातली. परवा लेकानं उजनीच्या पाण्यात शिडाची इवलीशी कयाक उतरवली. तिच्यावर ‘फक्त एक माणूस’ असं छापलेलं वाचलं आणि मला लहानपणीची, आमच्या गावची, निरवांगीची ती सकाळ आठवली.

नौका म्हणजे गूळ करायची काहील, शीड म्हणजे घोंगडी. काहिलीला अजून काकवीचा वास येत होता. पलीकडच्या गावात मामाच्या लेकाचं बारसं होतं, आणि बाळाची आत्या, म्हणजे माझी आई, पोचल्याशिवाय नाव कोण ठेवणार? काहिलीत तात्या, आई, मी आणि बाळाला द्यायची मेंढी. नदीच्या मध्यावर पाणी काहिलीच्या काठाला आलं.

“वैनी, मेंढी सोडा. पवत जाईल ती.”

“न्हाय! चार वर्सांनी म्हायेरी चाललेय, रिकाम्या हातानं न्हाय जायची.”

मग तात्याच पाण्यात उतरले आणि काहील ढकलू लागले. मी तेव्हा खदखदून हसले होते. आज वाटतं, साठीतल्या माणसानं त्या ओढीत उतरणं ही काही गंमत नव्हती. त्यांना धाप लागलेली बघून आई कळवळून ओरडली, “अवो तात्या, या की वर! मेंढी सरकून बसंल!”