डाव्या अंगाची जाळी

आमच्या साडूंएवढा मोटारसायकलीच्या तब्येतीला जपणारा माणूस तापीच्या खोऱ्यात झाला नाही आणि दुसरा होऊही नये, कारण असे दोघं झाले तर खान्देशातल्या मिस्त्रींना जेवायला सवड मिळणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. राहतात धुळ्याला, पण त्यांच्या गाडीचे डॉक्टर दोन जिल्ह्यांत पसरलेले. ब्रेक धुळ्यात, प्लग पारोळ्याला, चेन साक्रीला, कारण तिथला मिस्त्री म्हणे तेल लावताना घाई करत नाही. आणि वायरिंग जळगावला, म्हणजे मुक्काम आमच्याकडे. एकदा मागचा दिवा लागेना म्हणून आले ते चार दिवस राहिले. दिवा पहिल्याच दिवशी लागला होता. परत गेला तर काय, म्हणून थांबले होते. वाटेत दर गावाला गाडी उभी करून इंजिनाजवळ तळहात नेऊन बघणार, लेकराचा ताप बघावा तसा. चाळीसच्या पुढे काटा गेलेला त्या गाडीच्या ऐकिवातसुद्धा नाही. मी एकदा मागे बसून "जरा ओढा की" म्हणालो, तर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मला शांतपणे एसटीचा थांबा दाखवला.

अशा माणसाचा अपघात व्हावा, आणि तोही उभ्या ट्रॅक्टरशी, म्हणजे कमालच झाली. पारोळ्याच्या अलीकडे गतिरोधकापाशी गाडी ट्रॉलीला घासली आणि साडूंसकट डाव्या कुशीवर निजली. साडूंचं कोपर खरचटलं, गाडीचं हँडल तिरकं झालं आणि साडीची जाळी चेपून पार चाकाला टेकली. मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून डाव्या अंगाला असते ती जाळी, आणि तिच्या खाली पाय ठेवायची पट्टी. त्या पट्टीवरून चप्पल सटकते म्हणून अक्कांनी आपल्या जुन्या साडीची चिंधी घट्ट गुंडाळून ठेवली होती. अपघात झाला कसा, हे मात्र कळेना. धुळ्यात सांगितलं, कुत्रं आडवं आलं. साक्रीत त्याचं डुक्कर झालं, आणि आमच्या घरी पोचेपर्यंत नीलगाय.

बरं, दुरुस्तीत तरी विचार करण्यासारखं काय होतं? धुळ्याच्या मिस्त्रीने हँडल तासाभरात सरळ केलं, जाळीला हात लावला आणि म्हणाला, "ही कापून टाकू भाऊ. मागं बसतंय कोण?" साडूंनी जाळी तारेने ओढून बांधली, किल्ली उचलली आणि चालू पडले. साक्रीला गेले, तिथेही कापायचाच सल्ला. पिंपळनेरला एक जण म्हणाला, नवी टाका, दहा मिनिटांचं काम आहे. तर नवीही नको. महिनाभर हा गृहस्थ तारेने बांधलेली जाळी खडखडवत गावोगाव मतं गोळा करत हिंडत होता. आवाजावरून गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांना ओळखायला लागली होती.

इथे अक्कांचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्या लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला गेल्या, सहा महिन्यांत येते म्हणून. मग नातवाचे दात आले, मग लेकीची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग नातू आजीशिवाय झोपेना. दर वर्षी फोनवर एकच, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येते. साडू एकदा सुरतेला राहायला गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले; सातव्या मजल्यावरून गाडी दिसत नाही म्हणाले. बाकी गाडीसाठी छप्पन जणांना विचारणारा हा माणूस, पण बायकोला 'कधी येशील' हे त्याने एकदाही विचारलं नाही. मला याचा फार राग यायचा.

गेल्या महिन्यात जाळी घेऊन ते आमच्याकडे आले. जेवताना माझंही मत विचारलं, आणि मी अक्कलशून्य माणूस, बोलून गेलो की कापून टाका एकदाची, मागे बसायला आहे कोण. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच ठेचा वाढून घेतला. साडूंनी दुसऱ्या भाकरीवर हात आडवा धरला. एरवी कळण्याची भाकरी आणि ठेचा असला की ते तिसरीला नाही म्हणत नाहीत.

सकाळी चहाला दोघेच होतो. साडू बशीत बघत म्हणाले, "नीलगाय नव्हती, पाव्हणा." साडू एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतात, तेव्हा मात्र घरातली बोली आपोआप आली. "गतिरोधक उना. मी मांगे दखं, तिले सांगाले, 'धरजो वं' म्हनीसन. तीस वरीसनी सवय शे. मांगे कोनीच नव्हतं."

म्हणजे गतिरोधक आला की मागे वळून अक्कांना 'धर गं' सांगायची सवयच नडली होती. माझा सगळा राग तिथेच विरघळला. मग मीच गाडी काढायला लावली आणि मीच मागे बसलो. आमच्या जळगावच्या मिस्त्रीला दटावून सांगितलं की कापायची नाही, नवी टाकायची नाही, हीच सरळ करायची, आणि पट्टीवरच्या चिंधीला हातोडीचा धक्का लागता कामा नये. त्याने दुपारपर्यंत ठोकठोक केली. जाळी जरा वाकडीच राहिली, पण चाकापासून सुटली. साडूंनी ती रुमालाने पुसली, आणि मिस्त्रीसमोरच सुरतेला फोन लावला. तिकडे अक्कांनी उचलल्यावर एवढंच म्हणाले, "जाळी नीट झाली. कधी येशील?" तिकडून काय उत्तर आलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

परत येताना कॉलनीच्या तोंडाशी गतिरोधक आला. साडूंनी गाडी हळू केली, मान जराशी डावीकडे वळवली आणि म्हणाले, "धरजो वं."

मी जाळीची वरची दांडी धरली आणि म्हटलं, "धरेल शे."